गांजेकसांची पळापळ

नशेत झिंगलेला माणूस रंगमंचावर आला की प्रेक्षक हसतात आणि तोच घरी आला की घर रडते, ही विसंगती गडकऱ्यांनी मराठी माणसाला केव्हाच दाखविली. सावनेर येथे १९१९च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाने प्रेक्षकांची हसून पुरेवाट केली. परंतु तळीराम त्याच नाटकात मरतो आणि सुधाकराच्या संसाराची राखरांगोळीही त्याच नाटकात होते.

अमेरिकेत रूढ झालेला गांजेकस मित्रांचा विनोदी चित्रपट हे मोल मागत नाही. १९७८ सालच्या ‘अप इन स्मोक’पासून त्याचा साचा ठरला आहे : दोन आळशी मित्र, झुरके आणि मागावर असलेले पोलीस. ‘पाइनॅपल एक्सप्रेस’ (२००८) मध्ये समन्स बजावणारा एक तरुण खून पाहतो आणि ओढत असलेली गांजाची सिगारेट टाकून पळतो. तो गांजा इतका दुर्मिळ की थोटकावरूनच खुनी विक्रेत्याचा माग काढतात आणि गिऱ्हाईक व विक्रेता दोघेही जीव घेऊन पळत सुटतात. कल्पना झकास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे २०१३ साली ‘गो गोवा गॉन’ने हीच मित्रांची पळापळ गोव्यात नेली. या चित्रपटांना उगाच शिव्या देऊ नयेत. त्यांतले नायक अनुकरणीय वीर नसून बावळट असतात आणि त्यांची मैत्री मात्र खरी वाटते.

प्रश्न त्या मैत्रीचाच आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पांढरकवड्यावरून तेलंगणात उतरतो. त्या रस्त्यावर मित्राची पिशवी न विचारता गाडीत ठेवून घेणारा यवतमाळचा विद्यार्थी पडद्यावर विनोदी पात्र ठरेल. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात तो आरोपी ठरू शकतो. आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार खटल्यात त्याच्यावरच येतो. एक किलोपर्यंतच्या गांजासाठी एक वर्षापर्यंत कारावास, वीस किलोंहून अधिक असल्यास किमान दहा वर्षे. (होळीच्या भांगेतले पान मात्र याच झाडाचे असूनही कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे!) ‘अप इन स्मोक’मधील टॉमी चाँग या नटालाही गांजा ओढण्याच्या नळ्या विकल्याबद्दल २००३ साली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. 

याच कायद्याचे कलम ६४अ फारसे कुणी सांगत नाही. अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी आरोपी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते; उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेतले जाते. व्यसनमुक्तीवर निबंधस्पर्धा भरविणाऱ्या महाविद्यालयांनी हे कलम सूचनाफलकावर लावावयास हरकत नसावी.