कॉलेज सोडून कंपनीत जाताय? आधी हा हिशोब घरात बसून करा

पालघर : बारावीचा निकाल लागला की आपल्या गावागावांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पुढे शिकवायचं की बोईसरला कंपनीत लावायचं? बरीच पोरं कॉलेजात नाव घालतात, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच पुस्तकं बाजूला ठेवून तारापूर एमआयडीसीची वाट धरतात. घरची ओढाताण असते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण कॉलेजचं आयुष्य आणि पूर्णवेळ नोकरीचं आयुष्य यात नेमका काय फरक पडतो, हे निर्णय घेण्याआधी समजून घेतलेलं बरं.

दिवस कोणाच्या हातात?

कॉलेजात दिवस बराचसा आपल्या हातात असतो. लेक्चर संपलं की दुपार मोकळी. जुलैत भाताची लावणी आली की पोरगं दोन-चार दिवस घरी थांबून चिखलात उतरतं. पण तिथेही हजेरीचा नियम आहे. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत 75 टक्के हजेरी लागते, हे विसरू नका.

कंपनीत घड्याळ दुसऱ्याचं. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी आठवड्यानं बदलत राहते. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायला बघतो, झोप पुरत नाही. लावणीला रजा मागितली तर मिळेलच असं नाही, आणि रोजंदारीवर असाल तर खाडा म्हणजे पगार कट. कायद्यानं आठवड्याला 48 तास काम. त्यापुढच्या ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो. साध्या दरानं देत असतील तर विचारायचा हक्क आहे.

चूक झाली तर?

कॉलेजात पेपर राहिला तर एटीकेटी लागते, पुढच्या वेळी सुटतो. कारखान्यात मशीनवर डुलकी लागली तर बोट जातं. रसायनाच्या कारखान्यात त्याहून वाईट होऊ शकतं. 11 जानेवारी 2020 ला कोलवडे इथल्या कारखान्यातल्या स्फोटाचा आवाज या भागात लांबवर ऐकू गेला होता. त्यात माणसं गेली. हेल्मेट, हातमोजे, बूट दिल्याशिवाय आणि काम नीट शिकवल्याशिवाय मशीनला हात लावू नका.

पंधरा हजार म्हणजे हातात किती?

समजा पगार 15,000 सांगितला आणि त्यात बेसिक व महागाई भत्ता 12,000 आहे. त्यावर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440 रुपये कापले जातात. ईएसआयसी 0.75 टक्के, म्हणजे सुमारे 113. व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300, बायांना 25,000 पगारापर्यंत हा कर नाही). हातात उरतात साधारण 13,247 रुपये. त्यातून खोलीभाडं, डबा, रिक्षा आणि महिन्याचा पास वजा करा. कॉलेजात असताना एसटी आणि रेल्वेच्या पासात सवलत असते, ती नोकरीत बंद होते.

पण कापलेले पैसे वाया गेले असं समजू नका. पीएफमध्ये कंपनीही तेवढेच टाकते, त्यातला 8.33 टक्के भाग पेन्शनला जातो. ईएसआयसीत कंपनी 3.25 टक्के भरते. त्यातून तुमच्यासह घरच्यांचा दवाखाना होतो, आणि कामावर अपघात झाला तर सुट्टीच्या काळात पगाराच्या 90 टक्के भरपाई मिळते. पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर ही सोय लागू होते.

खरा फरक कागदाचा

सगळ्यात मोठा फरक इथे आहे. कॉलेजात वर्ष गेलं तर मार्कशीट राहते. एखाद्या विषयात नापास झालात तरी बाकीचे पास विषय तुमच्या नावावर राहतात. नोकरीतलं वर्ष मात्र कागद असेल तरच तुमचं. ठेकेदाराकडे तीन वर्षं काढली, पगार रोख घेतला, पावती नाही, पीएफ नाही, अशी माणसं आपल्या प्रत्येक पाड्यावर सापडतील. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर अनुभव विचारतात, तेव्हा दाखवायला काहीच नसतं. तीन वर्षांनीही ते नवेच ठरतात.

म्हणून कामावर लागताना एवढं बघा :

- नेमणूकपत्र आणि दर महिन्याची पगारपावती.
- पगार बँक खात्यात.
- पीएफचा यूएएन नंबर. उमंग ॲपवर पैसे जमा होतात का, ते महिन्याला तपासा.
- ईएसआयसीचा नंबर आणि घरच्यांची नावं.
- ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यासाठी हजेरीचा फोटो, गेटपास जपून ठेवा.

मधला रस्ताही आहे

दोन्हीतून एकच निवडायला हवं असं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरदारांना घरबसल्या पदवीची सोय देतं. आयटीआय केलेल्यांनी ॲप्रेंटिसशिपचा विचार करावा. त्यात पैसे पगारापेक्षा कमी मिळतात, पण शेवटी देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्याही अशा जाहिराती निघतात, त्यावर लक्ष ठेवा.

पैशाअभावी कॉलेज सुटत असेल तर आधी शिष्यवृत्ती बघा. आदिवासी विद्यार्थ्यांना घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. त्यासाठी डहाणू किंवा जव्हारच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात चौकशी करा.

आम्ही शेतकरी लोक. राब भाजला नाही तर रोप जोमाचं होत नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पोराचं शेवटचं वर्ष बाकी असेल तर तेवढं पूर्ण होऊ द्या. आणि अडचणच असेल, कामावर पाठवावंच लागलं, तर पहिल्या पगाराला फक्त आकडा विचारू नका. पावती दाखव म्हणा.