'संभाव्य' शब्दाची पैसेवारी

वार्षिक अहवाल हाती आला की आपण आधी उसाचा भाव पाहतो, मग नफातोटा पत्रक. मागची बारीक टाइपातली टिपणे तशीच राहतात. त्यांत 'संभाव्य देणी' असा एक मथळा असतो. आज त्याविषयी.

आमचा सिंदेवाहीकडचा मुलुख धानाचा. कोहळी शेतकऱ्यांनी पूर्वी तलाव बांधले ते धानाला नि उसाला पाणी मिळावे म्हणून. तलावाकडे पाहून कोणी म्हणाले, "पाणी पुरते बहुतेक यंदा," तर ऐकणारा आधी बोलणारा कोण ते पाहतो. सावध माणसाचे 'बहुतेक' म्हणजे बारा आणे, उतावळ्याचे सहा. गावात हे चालून जाते, कारण माणूस ओळखीचा. ताळेबंदात माणूस दिसत नाही, शब्दच दिसतो.

इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने 2003 मध्ये काढलेले लेखामानक 29 सांगते, की वादातली रक्कम द्यावी लागण्याचा संभव न लागण्यापेक्षा अधिक असेल आणि आकडा अंदाजता येत असेल, तर नफ्यातून तरतूद करावी. संभव तितका नसेल तर टिपणात नोंद. अगदीच दूरचा असेल तर नोंदही नको. इंग्रजीत या पायऱ्यांना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत पंचाईत अशी, की तरतूद करावी लागते तेही 'संभाव्य' आणि तरतूद न करता टिपणात जाते तेही 'संभाव्य'!

हा घोळ एकट्या मराठीचा नाही. टिमोथी डुपनिक आणि मार्टिन रिश्टर यांनी अमेरिकी व जर्मन हिशेबनिसांना असे शब्द देऊन प्रत्येकाचे टक्के विचारले. 2003 साली निष्कर्ष छापले गेले. काही शब्दांचे टक्के जुळलेच नाहीत. थोडे भाषांतरामुळे, थोडे त्या त्या देशाच्या सावधगिरीच्या रीतीमुळे.

यात सभासदांचा पैसा कसा अडकतो ते पाहा. किमान वैधानिक भावाहून जादा दिलेला ऊसभाव म्हणजे नफ्याची वाटणी, असे धरून आयकर खात्याने सहकारी साखर कारखान्यांकडे वर्षानुवर्षे कर मागितला. तासगाव कारखान्याच्या खटल्यात 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, त्यात नफ्याचा भाग किती ते तपासून ठरवा, असे सांगून प्रकरण परत पाठवले. शेवटी 2023 च्या अर्थसंकल्पाने जुन्या वर्षांचा ऊसभाव खर्चात धरण्याची वाट मोकळी केली. सवलत सुमारे 10,000 कोटी रुपयांची, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. तोवर हिशेबनिसापुढे पेच हाच, की हे देणे तरतुदीत घ्यावे की टिपणात ठेवावे. तरतूद केली तर भावाला पैसा कमी. टिपणात ठेवले आणि निकाल उलटा लागला, तर सारा भार एकाच हंगामावर.

आमचे मते तोडगा शेतकऱ्याच्या घरचाच आहे. सरकार पिकाचा अंदाज 'बरा', 'बेताचा' अशा शब्दांवर सोडत नाही. पूर्वी आणेवारी होती, आता पैसेवारी आहे, आणि 50 पैशांच्या आत की वर हे टंचाईच्या सवलतींसाठी पाहिले जाते. लेखामानकाची रेघही निम्म्यावरच आहे. तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत टिपणांचे पान उघडून विचारावे, "साहेब, हे देणे पन्नास पैशांच्या आत का वर?" वकिलाचे मत घेऊन त्यांनी आकडा सांगितला, तर तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.