वार पडल्यानंतरचे दोन तास

मूल रडले की प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर बसलेल्या आप्तेष्टांच्या लेखी बाळंतपण संपते. कुणी पेढे आणायला निघतो, कुणी गावी फोन लावतो. आतल्या परिचारिकेच्या लेखी मात्र अधिक जपण्याची घटका तेव्हा कुठे सुरू झालेली असते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार सुटली म्हणजे ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात, आणि ती मिटवण्याचे काम मुख्यतः गर्भाशयाचे स्नायूच करतात. त्यांचे एकमेकांत गुंतलेले तंतू आवळले गेले की मधून जाणाऱ्या वाहिन्या आपोआप दाबल्या जातात. ते सैल राहिले, तर बायका ज्याला ‘अंगावरून फार जाणे’ म्हणतात तो प्रसंग ओढवतो, आणि धडधाकट स्त्रीसुद्धा दोन तासांच्या आत दगावू शकते.

हे आवळणे घडवून आणणारे प्रमुख औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली दाखवून दिले. त्या अर्कातले नऊ अमिनो आम्लांचे कर्ते द्रव्य व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत घडवले, आणि दोनच वर्षांनी ते रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. तत्पूर्वी युरोपातील सुइणींची भिस्त राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अर्गट या बुरशीवर असे. तिच्यातून निघालेले अर्गोमेट्रिन आजही वापरात आहे. पण ते रक्तदाब चढवते, म्हणून केसपेपरावरचा रक्तदाबाचा आकडा पाहिल्यावाचून त्याला हात लावायचा नाही, हा दंडक आहे.

मूल जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची १० युनिटे मांडीच्या स्नायूत टोचावयाची, एवढेच काय ते कृत्य. परंतु त्या मिनिटातही परिचारिका प्रथम पोट चाचपून पाहते, कारण आत दुसरे मूल राहिले असेल आणि मात्रा गेली, तर आवळत्या गर्भाशयात ते कोंडले जाईल. पुढे वार पडली, ती पालथी-उताणी करून, तिचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना हे तपासून झाले, की सुरू होते ते निव्वळ पाहणे. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी ती बेंबीच्या आसपास तळवा ठेवते: गर्भाशय नारळासारखे टणक लागले तर ठीक, मऊ लागले तर तिथेच चोळून ते घट्ट करावयाचे, नाडी व रक्तदाब पाहावयाचा, खालचे कापड किती भिजले ते पाहावयाचे, आणि बाळंतिणीला लघवी झाली की नाही हे विचारावयाचे. हा शेवटचा प्रश्न नातेवाइकांना अप्रस्तुत वाटतो. पण भरलेले मूत्राशय गर्भाशयाला नीट आवळू देत नाही. ‘सिस्टर नुसती हात लावून जाते’ अशी कुरकुर वॉर्डात हमखास ऐकू येते. तिला हे ठाऊक असते की औषध एकदाच टोचले जाते, आणि ते लागू पडले की नाही याची खबर फक्त त्या हातालाच मिळते.

हे औषध नाजूकही आहे. त्याला २ ते ८ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो; वीज गेलेल्या उपकेंद्रात ते उन्हाळाभर टेबलावर पडून राहिले, तर कुपीवरचे नाव कायम राहते आणि गुण ओसरतो. म्हणूनच जिथे शीतकपाटाचा भरवसा नाही तिथे मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम मात्रेच्या गोळ्या तोंडाने देण्याची मुभा ठेवलेली आहे. गोठ्यात म्हशीला पान्हा फोडण्यासाठी ऑक्सिटोसिनची सर्रास होणारी टोचणी रोखावी, या हेतूने एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने खाजगी कारखान्यांना देशातील विक्रीसाठी त्याचे उत्पादन करण्यास मनाई करून सारा मक्ता एका सरकारी कंपनीकडे सोपवण्याचा हुकूम काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केला. गोठ्यातला गैरवापर थांबवताना प्रसूतिगृहातली कुपी दुर्मिळ होईल, ही डॉक्टरांची धास्ती मला तरी रास्तच वाटते.

हेच औषध प्रसूतीपूर्वी, मंद पडलेल्या कळा वाढवण्यासाठी, सलाईनमधून थेंबाथेंबाने देतात, आणि तेव्हा त्याची प्रकृती अगदी वेगळी असते. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या तर बाळाचा श्वास कोंडतो, क्वचित गर्भाशयच फाटते. अशा वेळी थेंब तत्काळ बंद करावयाचे असतात. लवकर सुटका व्हावी म्हणून कळांच्या काळात ‘एक सुई मारा’ असा आग्रह धरणाऱ्या कुटुंबीयांनी हे ध्यानात ठेवावे, की मूल होण्याआधी हे औषध स्नायूत टोचणे हा शुद्ध घातपात आहे.

गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येऊ लागले, तर तिथे मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवरील चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. प्रचलित पद्धतीत पहिली मात्रा शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम. त्यानंतर प्रसूतीनंतरचे किंवा शेवटच्या झटक्यानंतरचे २४ तास, यांपैकी जे उशिरा येईल तोवर, दर चार तासांनी ५ ग्रॅम. अंगात एकाएकी उष्णतेचा लोट येईल, घाबरू नका, असे जाणती परिचारिका बाईला आधीच सांगते. पण तारक मात्रा आणि मारक मात्रा यांतले अंतर इथे थोडे आहे. म्हणून प्रत्येक वेळी ती गुडघ्याखाली हलकेच ठोकून पाय उसळतो का पाहते, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का मोजते, आणि लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर झाली का पाहते, कारण हे द्रव्य मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. यांतले एक जरी उणे भरले तरी पुढची सुई रोखावयाची आणि डॉक्टरांना बोलवावयाचे. श्वास मंदावलाच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी उशाशी तयार असते.

पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या आणि रमाबाई रानडे यांनी जोपासलेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण दिले, त्या काळात परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हेच प्रतिष्ठित घरांना कमीपणाचे वाटे. तो संकोच बराचसा ओसरला; आता अडचण संख्येची आहे. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. या उतरत्या आकड्यांत औषधांचा वाटा सगळे सांगतात. परंतु रिक्त जागा न भरता एकाच परिचारिकेवर रात्री पाच-सहा बाळंतिणी आणि चार नोंदवह्या सोपवल्या, की पंधरा मिनिटांची फेरी तासावर जाते, आणि मधले तीन रकाने पहाटे पाळी बदलताना एकाच शाईने भरले जातात.