कुलपाआडच्या मैत्रिणी

खडकीचे नाव निघाले की १८१७ ची लढाई आठवते, दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. याच छावणीत एकोणिसाव्या शतकात एक ‘लॉक हॉस्पिटल’ होते, याची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. लंडनच्या एका जुन्या रुग्णालयावरून आलेले हे नाव येथे अक्षरशः खरे ठरले. १८६४ च्या छावणी कायद्याखाली गोऱ्या शिपायांसाठी राखलेल्या वेश्यांची नोंद होई, ठरल्या दिवशी सक्तीने तपासणी होई आणि गुप्तरोग आढळलेल्या स्त्रीला बरी होईपर्यंत तेथे डांबले जाई. शिपायांची अशी तपासणी त्यांना अपमानास्पद वाटेल, असे साहेबांचे मत होते. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न कोणाला पडला नाही. त्यांत पोरवयाच्या मुलीही होत्या.

या रुग्णालयांचे वार्षिक अहवाल काटेकोर असत. दाखल किती, बऱ्या किती, सारे त्यांत आहे. रात्री कोण कोणाच्या उशाशी बसली, हे अर्थातच नाही. एक तक्रार मात्र पुनःपुन्हा आढळते : तपासणीच्या दिवशी बायका दडून बसतात, छावणीची हद्द ओलांडून जातात. आता, दडायला कोणाची तरी ओसरी लागते, वेळेवर सावध करणारे कोणी तरी लागते. अधिकाऱ्यांच्या लेखी ती लबाडी. मला मात्र ती त्यांच्या मैत्रीची शिल्लक राहिलेली एकमेव नोंद वाटते.

१८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटने या सक्तीविरुद्ध ठराव केला. पुढे ती व्यवस्था गेली. पण बंद दाराआडच्या मैत्रीकडे कट म्हणून पाहण्याची दृष्टी गेली, असे म्हणवत नाही. मुलींच्या सुधारगृहातून पलायन, अशा बातम्या आजही येतात. पळणाऱ्या बहुधा दोघी-तिघी असतात. त्या सापडल्या की पहिला विचार सुचतो तो त्यांची ताटातूट करण्याचा. शिक्षकांना यातील चूक सांगायला नको. बाईंना जे सांगवत नाही, ते मुलगी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगते. एखाद्या संस्थेत काही अमानुष घडत असेल, तर त्याची पहिली साक्षीदार ती मैत्रीणच असते.

बालन्याय कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक संस्थेत मुलांच्या समित्या असाव्यात, अशी तरतूद आहे. त्या समितीपुढे, बदलीच्या हुकमावर सही होण्याआधी, त्या दोघींना एकत्र बसवून त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. त्यासाठी नवा कायदा नको, जादा पैसाही नको.