कॉफीचें दळण

घरांत एस्प्रेसोचें यंत्र आणलें म्हणजे इटालियन उपाहारगृहांतील कॉफी आपोआप पेल्यांत उतरेल, अशी कित्येकांची समजूत असते. यंत्र महागाचें असतें, बिया चिकमगळूरच्या उत्तम मळ्यांतल्या असतात, आणि तरीहि पहिल्या घोटासरशी तोंड वांकडें होतें. मग दोष बियांवर येतो, नाहीं तर यंत्रावर. वस्तुतः तो बहुधा दळणाचा असतो.

दक्षिणी पद्धतीच्या फिल्टरांत पाणी आपल्याच भारानें सावकाश झिरपतें; पूड थोडी जाडीभरडी असली तरी निभावून जातें. एस्प्रेसोची रीत निराळी. येथें ९० ते ९५ अंश सेल्सिअस उष्णतेचें पाणी सुमारें ९ वातावरणांच्या दाबानें पुडींतून लोटलें जातें. त्या पाण्याच्या वाटेंत आडवी येणारी मुख्य वस्तु म्हणजे चाळणींत दाबून बसविलेली पूड; नळाच्या तोटीचें काम तिनेंच करावयाचें असतें. शिवाय कणांचा व्यास निम्मा झाला, तर पाण्याची वाट सुमारें चौपटीनें अडते. म्हणून हाताला न जाणवणारा फरकहि पेल्यांत स्पष्ट जाणवतो.

प्रारंभास १८ ग्रॅम पूड घ्यावी, आणि ३६ ग्रॅम पेय २५ ते ३० सेकंदांत उतरतें कीं नाहीं तें पाहावें. बारा-पंधरा सेकंदांतच धार संपली, तर पाणी नुसतें धांवून गेलें. पेय पाणचट व आंबट लागतें. दळण बारीक करावें. उलट पाऊण मिनिट होऊनहि थेंब थेंबच पडत असेल व चव कडू-तुरट येत असेल, तर तें जाडें करावें. मात्र पुडीचें वजन आणि दळण हीं दोन्ही एकाच वेळीं बदलूं नयेत. तसें केल्यास गुण कशाचा आला हें कळत नाहीं. दळण बदलल्यावर यंत्रांत मागची पूड थोडी उरलेली असते, तेव्हां पहिली चिमूटभर पूड टाकून द्यावी. एवढ्या महाग जिनसेची काटकसर येथें उपयोगाची नाहीं.

बारीक तितकें चांगलें, हाहि एक भ्रमच. २०२० सालीं 'मॅटर' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, दळण एका मर्यादेपलीकडे बारीक केल्यास पुडीचा कांहीं भाग तुंबतो, अर्क वाढण्याऐवजीं घटतो, आणि एक पेला दुसऱ्यासारखा होत नाहीं. तुंबलेलें पाणी फट शोधून तेवढ्याच वाटेनें पळतें, आणि मग एकच पेला आंबटहि लागतो आणि कडूहि.

मसाल्याच्या मिक्सरांत कॉफी दळणाऱ्यांची अडचण येथेंच आहे. त्याचें पातें बी दळीत नाहीं, फोडतें. त्यामुळें एकाच पुडींत रवाहि असतो आणि पीठहि. जात्याप्रमाणें दोन दांतेरी चकत्यांमधून बी चिरडणारें, चकत्यांमधील अंतर कमीजास्त करतां येणारें यंत्रच या कामास हवें. यंत्र व जातें यांपैकीं एकावरच अधिक खर्च करणें शक्य असेल, तर तो जात्यावर करावा.

एकदां साधलेलें दळण कायमचें राहत नाहीं. भाजून बरेच दिवस झालेल्या बियांतील वायु निघून जातो, पाणी लवकर वाहतें, आणि दळण किंचित् बारीक करावें लागतें. काळपट भाजलेल्या बियांचा अर्क लवकर उतरतो, म्हणून त्या थोड्या जाड्या चालतात. मुंबई-कोंकणांतील पावसाळी हवेंत पूड ओल धरते. तेव्हां उन्हाळ्यांतील अंकावर विसंबून भागत नाहीं.

तयार पुडीवरच भागवावयाचें असेल, तर दुहेरी तळाची चाळणी वापरावी. तिच्या तळाशीं एकच बारीक छिद्र असतें व दाब तेंच धरून ठेवतें. तिच्यांतून येणारा दाट फेंस पाहून दळण जमलें असें मात्र समजूं नये; तो बव्हंशीं त्या छिद्राचा असतो.