शाई संपते, कार्ट्रिज नाही



गटाच्या कामाला प्रिंटर घेतलेले बरेच गट आता आपल्याकडे आहेत. मसाल्याची आणि लोणच्याची लेबलं, बँकेचा कर्जप्रस्ताव, ठरावाच्या प्रती, आधारकार्डाची झेरॉक्स, सगळं गावातच निघतं. तालुक्याची खेप वाचते. पण चार-सहा महिने गेले की सगळीकडून एकच तक्रार येते. प्रिंटर स्वस्तात आला, शाई मात्र परवडत नाही. मग प्रिंटरवर कापड पडतं, तो कोपऱ्यात जातो आणि बाया पुन्हा तालुक्याच्या दुकानात रांगेला उभ्या राहतात. म्हणून कार्ट्रिज घरी कशी भरायची, त्यात किती वाचतं आणि कुठे वाचवू नये, ते आज बघू.

आधी हिशेब. समजा, काळी कार्ट्रिज 800 रुपयांना आली आणि तिच्यातून 160 पानं निघाली. म्हणजे पानाला 5 रुपये नुसते शाईचे. आता सुट्या शाईची 100 मिलीची बाटली 200 रुपयांना आणली आणि एका वेळी 4 मिली शाई भरली, तर एका भरण्याला 8 रुपये पडतात. थोडी सांडेल, थोडी पुसण्यात जाईल, म्हणून दुप्पट, 16 रुपये धरू. तीच कार्ट्रिज पाच वेळा भरली, तर कार्ट्रिजचे 800 आणि शाईचे 80, असे 880 रुपये. पानं निघाली 960. पानाला साधारण 92 पैसे. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुम्ही तुमच्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब बैठकीत मांडा.

आता ही डबी चालते कशी? आत स्पंज असतो, त्यात शाई मुरलेली असते. खाली केसापेक्षा बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्राजवळ इवलासा हीटर असतो. तो क्षणात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि त्या धक्क्याने थेंब कागदावर पडतो. 1977 साली जपानच्या कॅनन कंपनीत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंगची काडी लागली, सुईतून शाई उडाली आणि त्यावरून ही युक्ती सुचली, असं सांगतात. आज आपण भरतोय तीही सिरिंजनेच!

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. त्या हीटरला शाईच थंड ठेवते. शाई नसताना छपाई चालू ठेवली तर हीटर जळतो, मग कितीही शाई भरा, अक्षर उठत नाही. म्हणून अक्षर फिकं पडायला लागलं, रेघा दिसायला लागल्या, की लगेच थांबा आणि त्याच दिवशी भरा. रिकामी कार्ट्रिज महिनाभर फडताळात ठेवून मग भरायला घेऊ नका, आत राहिलेली शाई वाळून छिद्रं बुजतात.

सामान थोडंच लागतं. नवी सिरिंज आणि सुई, टिश्यू पेपर किंवा जुनं सुती कापड, खाली पसरायला वर्तमानपत्र, हातात प्लास्टिकचे मोजे. शाई घेताना आपल्या कार्ट्रिजचा नंबर दुकानदाराला दाखवा आणि त्या नंबरला चालणारीच शाई मागा. शाई दोन जातीची असते. एक पाण्यात पूर्ण विरघळणारी, दुसरी बारीक कणांची. कणांची शाई चुकीच्या कार्ट्रिजमध्ये गेली तर छिद्रं तुंबतात. फाउंटन पेनची शाई तर अजिबात नको.

आता भरायची रीत. कार्ट्रिज काढा, वरचं स्टिकर हळूच सोडवा. खाली छिद्रं दिसतील. रंगीत कार्ट्रिजमध्ये निळा, गुलाबी आणि पिवळा असे तीन कप्पे असतात. कुठला कुठे, हे अंदाजाने ठरवू नका. प्रत्येक छिद्रात वेगळी स्वच्छ टूथपिक घाला, टोकाला लागलेला रंग बघा आणि मगच त्या रंगाची शाई घ्या. रंगागणिक सिरिंजही वेगळी. सुई स्पंजमध्ये घालून शाई अगदी सावकाश सोडा, बाळाला चमच्याने औषध पाजतो तशी. घाई केली तर स्पंजमध्ये हवा अडकते. छिद्राशी शाई वर आली की थांबा आणि वरची शाई सिरिंजने परत ओढून घ्या.

मग कार्ट्रिजचा खालचा भाग ओल्या टिश्यूवर अलगद टेकवा. काळीचा एक आणि रंगीतचे तीन स्वच्छ पट्टे उमटले की काम झालं. तांब्याच्या चकचकीत पट्टीला बोट लावू नका. स्टिकर परत बसवताना हवेची वाट पूर्ण बंद करू नका, हवा आत गेली नाही तर शाई खाली उतरत नाही.

भरल्यावरही प्रिंटर ‘शाई संपली’ असंच दाखवतो. घाबरू नका. तो आतली शाई बघत नाही, छापलेल्या पानांवरून अंदाज करतो. बऱ्याच प्रिंटरवर ओके दाबून पुढे जाता येतं, कॅननच्या अनेक प्रिंटरवर स्टॉपचं बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरावं लागतं. मात्र भरलेल्या शाईमुळे प्रिंटर बिघडला तर तो बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, हे गटाला आधीच सांगून ठेवा.

लाइट जाते त्या गावांनी हे नीट ऐका. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की कार्ट्रिज आपल्या जागी जाते आणि तिच्या तोंडावर टोपण बसतं. छापता छापता लाइट गेली किंवा कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं, की तोंड उघडंच राहतं आणि शाई वाळते. लाइट आल्यावर प्रिंटर एकदा चालू करा आणि त्याच्याच बटणाने बंद करा. आठवड्यातून एक रंगीत पान काढा. एका पानाच्या शाईत कार्ट्रिज जिवंत राहते.

आता वाचवू नये ती जागा, म्हणजे खाण्याच्या मालाचं लेबल. 2020 च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे अन्नाच्या पाकिटावरची माहिती स्पष्ट आणि न पुसली जाणारी हवी. पाण्यात विरघळणाऱ्या शाईचं लेबल लोणच्याच्या बरणीवर चिकटवलं आणि तेलाचा, ओल्या हाताचा डाग पडला, तर तारीख आणि परवान्याचा 14 आकडी नंबर पसरतो. दुकानदार माल परत करतो आणि गटाचं नाव जातं. म्हणून लेबल छापल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. पसरलं, तर वरून पारदर्शक पट्टी लावा किंवा लेझर प्रिंट काढून आणा. आणि पापडाच्या पिशवीत लेबल आत सरकवायची सवय सोडा. शाई खाण्याला लागता कामा नये.

शाई आणि सुई लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. भरून भरून थकलेली कार्ट्रिज चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. ई-कचऱ्याच्या नियमात प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही येते. साठवून ठेवा आणि तालुक्यात ई-कचरा घेतात तिथे द्या.

महिन्याला शेकड्यांनी पानं निघत असतील, तर पुढचा प्रिंटर टाकीचा घ्या. त्यात शाई बाटलीने सरळ ओतता येते.

शेवटी एक विनंती. हे काम गटातल्या एकीलाच शिकवू नका, दोघींना शिकवा. एक माहेरी गेली म्हणून लेबलं अडू नयेत. प्रिंटरजवळ एक वही ठेवा. कार्ट्रिज कधी भरली, किती मिली भरली आणि पानं किती निघाली, एवढं लिहा. तीन महिन्यांनी वही उघडली की किती पैसे वाचले ते तुमचं तुम्हालाच दिसेल.