'स्वातंत्र्य' आणि त्याची षष्ठी

अमेरिकेतील परंपरावादी टीकाकार विद्यापीठांवर एकांगीपणाचा आरोप करतात, तेव्हा 'स्वातंत्र्य' ही संज्ञा हटकून येते. मात्र हे स्वातंत्र्य कोणाचे, याचे उत्तर दरवेळी एकच नसते. प्रस्तुत टिपणात याच भेदाचा विचार करावयाचा आहे.

विल्यम बक्ली यांनी १९५१ साली येल विद्यापीठावर टीकाग्रंथ लिहिला. अध्यापनस्वातंत्र्याच्या कल्पनेला त्यांनी उपशीर्षकातच अंधश्रद्धा ठरविले. विद्यापीठाने ख्रिस्ती धर्म व व्यक्तिवाद यांचा पुरस्कार करावा आणि शिक्षणाची दिशा माजी विद्यार्थ्यांनी ठरवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्थात ही मागणी तटस्थतेची नव्हती.

उलट, १९६७ साली शिकागो विद्यापीठाच्या कॅल्व्हन समितीने असे मत दिले की, राजकीय प्रश्नांवर संस्थेने सामान्यतः पक्ष घेऊ नये. मतभेद व्यक्त करणे हे व्यक्तींचे कार्य होय. १९७४ साली येलमध्ये वंशविषयक मतांमुळे वादग्रस्त ठरलेले पदार्थवैज्ञानिक विल्यम शॉक्ली यांना गोंधळ घालून बोलू दिले गेले नाही. त्यानंतर नेमलेल्या वुडवर्ड समितीने वक्त्याच्या व श्रोत्याच्या हक्काचा कैवार घेतला.

पुढील काळातील परंपरावादी लेखनात या दोन्ही अहवालांचा आधार घेतला जातो. तथापि बक्लींची मागणीही तेथे लुप्त झालेली नाही. म्हणून 'स्वातंत्र्य' या नामाची षष्ठी प्रथम तपासली पाहिजे: संस्थेचे, अध्यापकाचे, की वक्त्याचे? ती अध्याहृत राहिली, तर संस्थेच्या तटस्थतेचे निमित्त करून अध्यापकाला गप्प बसविणेही स्वातंत्र्याचेच रक्षण म्हणून मिरविले जाईल.